दोन काठांचा कागद

लफ्ताचा मुलगा मिजबान, मिजबानचा मुलगा चासिब, आणि चासिबचा मुलगा फालिह. लफ्ताने इंग्रजांच्या बोटीवर गोळ्या झाडल्या आणि त्याच बोटीतले दोन जखमी चिखलात सापडले तेव्हा त्यांना आठ दिवस म्हशीचे दूध पाजून परत पाठवले. मिजबानने दलदलीतल्या बोरूच्या सतरा कमानींची मुदीफ, म्हणजे पाहुण्यांची बैठक, उभी केली; अमाऱ्यापासून खाली बसऱ्यापर्यंत त्या काळी तेवढी लांब बैठक दुसऱ्या कोणाची नव्हती. चासिबने असे काही केले नाही. एका फसलेल्या बंडात तो सामील झाला आणि जिवंत राहिला, एवढेच. तो माझा धाकटा भाऊ. मी नोफा, मिजबानची थोरली मुलगी. नवरा वारल्यावर मी माहेरी परतले. या घराला माझी गरज होती, असे मी तेव्हा सांगत असे. आजही तेच सांगते. फालिह सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याला मी वाढवले.

काळ्या झेंड्यांच्या लोकांशी लढाई पेटली तेव्हा आमच्या काठाचा शेख म्हणून फालिह आपल्याकडचे साठ तरुण घेऊन उत्तरेला गेला. पाण्यापलीकडच्या वस्तीतून मुतश्शरही आपली माणसे घेऊन गेला. चार वर्षांनी दोघे परतले. लढाई संपली होती, बंदुका मात्र त्यांच्याबरोबर घरी आल्या. पूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले की काठ्या निघत. आता मशीनगन निघू लागली. सरकारला ही हत्यारे जमा करून हवी होती. परदेशातून एक दूत मध्यस्थीला आला आणि बोलणी सुरू झाली.

सरकारच्या वतीने जनरल सबीह बोलत. त्यांचे म्हणणे साधे होते: हत्यारे कोठारात द्या, पोरांसाठी पोलिसात नोकऱ्या घ्या. फालिहचे म्हणणेही साधे होते: दोन्ही काठांची हत्यारे एकाच दिवशी, एकाच कागदावर. आधी एक काठ रिकामा झाला तर दुसऱ्याचे काय होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.

ही अट त्याने एकट्याने घातली नव्हती. त्यासाठी मुतश्शर स्वतः होडीने आमच्याकडे आला होता. भाजलेला मासा आणि तांदळाची भाकरी समोर आली तेव्हा तो म्हणाला, “तुमच्या काठाचा मासा नेहमीच बारीक. सगळं मटण लढाईतच संपवलंत वाटतं.”

“तुझ्या काठाला मासा येतोच कुठे?” फालिह म्हणाला. “तुझं तोंड बघून मागं फिरतो तो.”

“ऐका, आत्या,” मुतश्शर माझ्याकडे वळला. तोही मला आत्याच म्हणे. “हा बोलायला असा. आणि त्या जनरलसमोर मांजर होतो.”

“मांजर नाही होणार,” फालिह म्हणाला. “पण तू ऐक. ते तुला वेगळं बोलावतील, मला वेगळं. तुला सांगतील, त्यानं दिली, तू एकटाच उरलास. मला तेच सांगतील. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस.”

मुतश्शरने बोटे पुसली. “माझ्या बापानं तुझ्या बापावर विश्वास ठेवला. ते येणं अजून बाकी आहे, फालिह. मी कधी मागितलं नाही. आताही मागत नाही. फक्त त्यात भर घालू नकोस.”

बंड फसले त्या वर्षी सैनिक चासिबला शोधत आमच्या वस्तीत आले. मुतश्शरचा बाप शिनावा याने त्याला आपल्या होडीत निजवले, वर गवताचे भारे टाकले आणि बोरूच्या बेटांतून तीन दिवस ढकलत सरहद्दीपलीकडे पोचवले. परतताना शिनावा पकडला गेला. पुन्हा दिसला नाही. चासिब बारा वर्षे छावणीत राहिला आणि घरी येऊन आपल्या अंथरुणावर मेला. शिनावाला कबरही नाही. अशा देण्याला आमच्याकडे रक्ताचा मोबदला लागत नाही, कारण रक्त आम्ही सांडलेले नव्हते. म्हणूनच ते फेडताही येत नाही.

दूत तिसऱ्यांदा आला तो दिवस वसंतातला, वाऱ्याचा होता. मुदीफमध्ये आमच्याकडचे सगळे वडीलधारे बसले होते. मी चटईच्या पडद्याआड होते. तिथून मला बैठक दिसते, बैठकीला मी दिसत नाही. दूत उंच, पडलेल्या खांद्यांचा, साठीचा माणूस. नीट मांडी घालायला शिकून आला होता, याचे मला कौतुक वाटले. बाजूला त्याची दुभाषी, बगदादची मुलगी मैसून. जनरल आपल्या खुर्चीशिवाय अस्वस्थ.

आमचा अब्बूद चाळीस वर्षे कहवा, म्हणजे आमची कडू कॉफी, करतो. त्याने डाव्या हातातल्या भांड्यातून घोटभर कहवा ओतला आणि पेला दूताच्या हाती दिला. दूताने तो घेतला, हसून मान लववली, आणि समोर चटईवर ठेवला.

बैठकीतली कुजबुज थांबली. आमच्याकडे पाहुणा कहवा न पिता पेला खाली ठेवतो तेव्हा त्याला काही मागायचे असते. यजमान ‘प्या, आल्या कामाचं झालं’ असे म्हणेपर्यंत तो पेल्याला हात लावत नाही. यजमानाने ते वाक्य उच्चारले की मागणे दिल्यात जमा. मग ते काय आहे हे नंतर कळले तरी चालते. आणि यजमान ते उच्चारीत नसेल तर त्या घराची पायरी पुन्हा कोणी मोठा माणूस चढत नाही.

फालिह ते वाक्य बोलला नाही. हवापाण्याविषयी विचारत राहिला. दूत उत्तरे देत होता, खजूर खात होता, बिया हातातल्या रुमालात गुंडाळत होता. पेल्यावरची वाफ गेली. वडीलधारे एकमेकांकडे पाहू लागले. जनरलनी मिशीवरून बोट फिरवले आणि मोठ्याने म्हटले, “मिजबानच्या मुदीफमध्ये कहवा निवलेला मी आज पहिल्यांदा पाहतो.”

हे वाक्य मला लागले. माझ्या बापाचे नाव त्या माणसाने खुर्चीवरची धूळ झटकावी तसे घेतले होते. मी अब्बूदला खुणेने बोलावले आणि म्हटले, “फालिहला सांग, आत्या विचारते, मिजबानच्या नातवाची जीभ मांजरानं नेली का. पाहुण्याला ताटकळत ठेवायला मी त्याला वाढवलं नाही.”

अब्बूद बहिरट आहे, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. माझा निरोप त्याने फालिहच्या कानात सांगितला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

फालिहने पडद्याकडे पाहिले. मग तो दूताकडे वळला. “प्या, साहेब. आल्या कामाचं झालं.”

मैसूनने भाषांतर सुरू करण्याआधीच जनरल पुढे सरकले. “ऐकलंत सगळ्यांनी. आमचं काम एकच: आठ दिवसांत सगळी हत्यारं कोठारात. अल्ला तुम्हाला सुखात ठेवो, शेख.” बैठकीने आशीर्वाद पुटपुटले. दूत भांबावून मैसूनकडे पाहत होता. ती त्याच्या कानाशी भराभर बोलत होती. शेवटी त्याने छातीवर हात ठेवून फालिहचे आभार मानले आणि पेला ओठांना लावल्यासारखा केला.

पाहुण्यांना जेवण वाढले तेव्हा मैसूनला बायकांत आणले. मुलगी दमलेली होती. मी तिला माशाचा चांगला भाग काढून दिला आणि सहज विचारले, “तुझा साहेब एवढा वेळ थांबला. आमच्या चालीरीती त्याला कोणी शिकवल्या?”

“कसल्या चालीरीती, हज्जा?” वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसे ती म्हणाली.

“पेला खाली ठेवण्याची.”

ती घास हातात धरून राहिली. “त्यांना कॉफी चालत नाही. हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी थेंबही घ्यायला बंदी केलीय. नाही म्हटलं तर तुमचा अपमान होईल म्हणून त्यांनी घेतली आणि ठेवून दिली.” मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. बगदादची असली तरी तिचा आजा कुठल्यातरी गावातलाच असणार. “हज्जा, तुम्हाला वाटलं ते मागायला…”

“आणि मागायचं काहीच नव्हतं?”

“उलट द्यायचं होतं,” ती म्हणाली. “त्यांच्या पिशवीत नवा कागद आहे. दोन्ही काठ, एकच दिवस. दोन महिने बगदादमध्ये भांडून त्यांनी तो मिळवला. जेवणानंतर वाचणार होते. आता शेखांनी आपणहून दिलं म्हटल्यावर जनरल म्हणतात, तो कागद कशाला हवा. मी आत्ता जाऊन सांगू? एका वाक्याचं काम आहे. साहेब लगेच समजतील.”

एका वाक्याचे काम होते. ती उठलीदेखील होती. मी तिचा हात धरला आणि खाली बसवली.

मला त्या क्षणी काय दिसले ते लिहिते. मला दिसले की दूत हसतो आहे, दुष्टपणाने नव्हे, चांगल्या माणसासारखा. जनरल हसतो आहे. बगदादच्या कचेऱ्यांत, परदेशातल्या जेवणावळींत गोष्ट सांगितली जाते आहे की बोरूच्या त्या लोकांनी एका रोग्याचा पेला पाहून साठ बंदुका देऊन टाकल्या. लफ्ताचे आणि मिजबानचे नाव त्या गोष्टीत येते आहे. आणि निरोप धाडणारी म्हातारी येते आहे.

“आमच्या घरातला शब्द परत घेतला जात नाही,” मी मैसूनला म्हटले. “जेव. आणि हे इथेच राहू दे.”

तिने माझे ऐकले. माझे सगळेच ऐकत.

मुतश्शर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. धक्क्यावरच उभा राहिला, आत आला नाही.

“खरं आहे का?”

“खरं आहे,” फालिह म्हणाला.

“तुझ्या तोंडून ऐकायचं ठरलं होतं, म्हणून आलो.”

“पाहुण्यानं पेला ठेवला, मुतश्शर. भरल्या बैठकीत.”

“मग?” मुतश्शर म्हणाला. “त्यानं तुझी बायको मागितली असती तर?”

“तूही दे. माझ्या मागोमाग तूही दे. मी जनरलशी बोलतो.”

“तुझ्याकडं बोलायला आता आहे काय? कालपर्यंत तुझ्यामागं साठ पोरं होती. आज तू एक बरा शेतकरी आहेस.” त्याने होडी ढकलली. पाण्यात गेल्यावर तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “आत्या, तुमचा मासा खरंच बारीक झालाय.” ही थट्टा होती की नाही ते मला कळले नाही. फालिह हसला नाही.

आठव्या दिवशी तीन ट्रक आले आणि भरून गेले. पोरे रस्त्याच्या कडेला उभी होती. काहींनी पाठ फिरवली. पोलिसातल्या नोकऱ्यांचे अर्ज सरकारने नेले, त्यांचे उत्तर आजतागायत आलेले नाही. दूताने प्रामाणिकपणे धडपड केली. दोनदा पलीकडच्या काठावर जाऊन आला. पण मुतश्शर आता एकटा उरला होता, आणि एकट्या उरलेल्या माणसाशी सरकार बोलत नाही. त्याला नाव देते. वर्तमानपत्रात त्याचे नाव ‘बंडखोर टोळीप्रमुख’ असे छापून आले. लढाईत ज्याच्या दंडात गोळी शिरली तो हाच माणूस. दूताची मुदत संपली, तो मायदेशी गेला. पंधरा दिवसांत सैन्य पलीकडे उतरले. सकाळभर आम्ही आवाज ऐकत होतो. आमच्या काठावरची साठ पोरे रिकाम्या हातांनी छपरांवर चढून धूर पाहत होती.

दुपारी मुतश्शर आमच्या धक्क्याला लागला. होडीत तो एकटा होता आणि मांडीतून रक्त वाहत होते. फालिह धावला. मुतश्शरने मुदीफच्या पहिल्या कमानीला हात लावला आणि म्हणाला, “तुझ्या आसऱ्याला आलोय, चासिबच्या पोरा. दुसरीकडं जाता आलं असतं तर गेलो असतो.”

“ये,” फालिह म्हणाला, आणि त्याला खांद्यावर घेऊन आत आणले.

तासाभरात जनरलचा फोन आला. माणूस तिथे आहे हे कळले आहे. असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजेपर्यंत रस्त्यावरच्या चौकीत आणून द्या. नाहीतर सैनिक आत येतील, आणि बायकापोरांची जबाबदारी आमची नाही. फालिहने शांतपणे “बरं” म्हटले आणि फोन ठेवला. साठ बंदुका असत्या तर जनरल दारात उभे राहून बोलले असते, दिवस गेले असते, दूताला परत बोलावता आले असते. नमाजेला तीन तास होते.

फालिहने मोठी होडी काढायला लावली. गवताचे भारे आणले. मुतश्शरची जखम मी स्वतः बांधली. तो म्हणाला, “आत्या, घट्ट बांधा. तुमच्या राज्यात काहीच सैल नसतं ना.”

“गप्प पड,” मी म्हटले.

फालिह धक्क्यावर बांबू तपासत होता. मी त्याच्यापाशी गेले. आयुष्यात मी त्याला हुकूम केले होते, विनंती कधी केली नव्हती. मी म्हटले, “दुसऱ्या कोणाला पाठव. पोरं तयार आहेत.”

“पोरांना बेटांतली वाट माहीत नाही. बाबांनी मला दाखवली होती.”

“मग ऐक. मला एक सांगायचं आहे.” आणि मी त्याला मैसूनने सांगितलेले सगळे सांगितले: दूताचे दुखणे, पिशवीतला कागद, मी धरलेला हात. उभ्या उभ्या सांगितले, खाली न पाहता, कारण मला दुसरे कसे सांगायचे ते येत नाही.

त्याने बांबू पाण्यात सोडला. “कागदाचं माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “पेल्याचं माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“मागणारा माणूस काही खात नाही, आत्या. तुम्हीच शिकवलंत. पेला ठेवला की मागणं पुरं होईपर्यंत तोंडात दाणा घालायचा नाही. तो खजूर खात होता. सहा-सात खाल्ले असतील. मी म्हटलं, याला काही मागायचं नाही, याला कहवा नको आहे. म्हणून मी गप्प होतो. थोड्या वेळानं अब्बूदला पेला उचलायला सांगणार होतो.”

“मग का बोललास?”

“तुमचा निरोप आला. सगळ्यांनी ऐकला. त्या बैठकीत तुम्हाला खोटं पाडू?” मग लहानपणानंतर प्रथमच त्याने मला ‘तू’ म्हटले. “तू माझ्यासाठी कधी कुणापुढं खाली पाहिलं नाहीस. तुला खाली पाहायला लावणं मला जमलं नसतं.”

त्याने माझ्या डोक्याला ओठ टेकले, भाऱ्यांखाली निजलेल्या मुतश्शरला म्हणाला, “शिंकलास तर पाण्यात ढकलीन,” आणि होडी लोटली. बोरूत शिरताना त्याने मागे पाहिले नाही. वाट अरुंद आहे, पाहता येत नाही.

असरला सैनिक आले. त्यांना घरात म्हातारी आणि रक्ताच्या पट्ट्या सापडल्या. मी त्यांना कहवा विचारला नाही.

सहाव्या दिवशी मुतश्शर सरहद्दीपलीकडे सुखरूप असल्याचा निरोप आला. फालिह त्याला सोडून, दोघे पोचले त्याच सकाळी परत निघाला होता. आमच्या ओळखीच्या एका म्हशीवाल्याने दुरून पाहिले: बोरूच्या तोंडाशी गस्तीची बोट, मोठी रिकामी होडी, आणि बोटीत चढताना हात डोक्यावर ठेवलेला एक उंच माणूस. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही. मी अमाऱ्याच्या सगळ्या कचेऱ्यांत गेले. ज्या दारांत मी कधी उभी राहिले नसते त्या दारांत उभी राहिले. जनरल सबीह भेटले नाहीत. दूताने त्याच्या देशातून तीन पत्रे लिहिली. मैसूनने ती वाचून दाखवली. शेवटच्या पत्रात त्याने विचारले होते की त्या दिवशी त्याच्याकडून काही चूक झाली होती का. चूक त्याची नव्हती, असे मी कळवले.

आता दोन वर्षे झाली आहेत. मागच्या महिन्यात पलीकडून एक होडी आली. तिच्यातून शिनावाची बायको बदरिया उतरली. आम्ही एका वयाच्या. तिचा नवरा गेल्यापासून अठ्ठावीस वर्षे तिने आमच्या काठाला पाय लावला नव्हता, आणि मीही तिच्याकडे गेले नव्हते; मोठ्या घराने आधी जायचे नसते, असे मला वाटे. तिला पायऱ्या चढवेनात. मी खाली गेले आणि तिला हात दिला.

आम्ही धक्क्यावरच बसलो. तिने काळ्या चादरीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला.

“माझा परत आला नाही,” ती म्हणाली. “तुझाही येत नाही.”

“नाही,” मी म्हटले.

“मुतश्शरनं सांगून पाठवलंय. आमचं तुमच्या घराकडं आता काही येणं नाही, नोफा. एक कणही नाही.”